'मु.' आणि 'पो.' यांच्यामधले अंतर

पत्त्याच्या पहिल्या ओळीत 'मु.' आणि 'पो.' ही दोन अक्षरे घालण्याचा आपल्याकडे जो शिरस्ता आहे, त्यात ग्रामीण महाराष्ट्राच्या दळणवळणाचा अर्धा इतिहास साठवलेला आहे. ज्याच्या गावातच टपालकचेरी असते तो 'मु. पो.' असे जोडून लिहितो. ज्याच्या गावात ती नसते त्याला मुक्काम एका गावाचा आणि पोस्ट दुसऱ्या गावाचे, असे तोडून लिहावे लागते. या दोन अक्षरांमधले अंतर, मग ते दोन कोसांचे असो, एका ओढ्याचे असो की एका घाटाचे, आजवर कोणी, कोणाच्या पायांनी आणि कोणाच्या खर्चाने कापले, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. आणि 'आमच्याकडे नेट येत नाही' हे जे गाऱ्हाणे हल्ली खेडोपाडी ऐकू येते, ते या जुन्या कैफियतीचे केवळ अलीकडचे कलम आहे.

इंग्रजी अंमलापूर्वी सरकारी लखोटे जासूद, हरकारे आणि सांडणीस्वार वाहत असत. परंतु ही तजवीज हुजुरांच्या कामापुरती, आणि तीही ठाण्या-कसब्यापर्यंतची. कसब्यापासून मौज्यापर्यंतचा भार गावगाड्याने महारांच्या डोक्यावर ठेवला होता. वसुलाची रक्कम कचेरीत पोहोचवायची, अंमलदाराचा हुकूम गावात आणायचा, शेजारच्या गावी मयताचा सांगावा न्यायचा, ही सर्व कामे ऊन, पाऊस आणि रात्र न पाहता त्यांनी करायची. मोबदला म्हणजे बलुते आणि हाडकीचा एखादा तुकडा. १८७४ च्या वतन कायद्याने इंग्रज सरकारने ही व्यवस्था मोडली तर नाहीच, उलट तिला कायद्याच्या चौकटीत बसवून आपल्या सोयीला जुंपून घेतली. १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले ते याच वेठीविरुद्ध. आणि कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. दळणवळणाच्या इतिहासात या माणसांची गणना सहसा कोणी करीत नाही. तालुक्याच्या पुढचा टप्पा शतकानुशतके जवळजवळ फुकटात चालला तो त्यांच्या पायांवर, हे ध्यानात न घेता पुढच्या सरकारी खर्चाच्या आकड्यांकडे पाहणे म्हणजे जमाखर्चाचे पहिले पान फाडून वही वाचणे होय.

तारायंत्राची कथा सुपरिचित आहे. विल्यम ओशॉनेसी या आयरिश डॉक्टराने कलकत्त्याहून डायमंड हार्बरपर्यंत प्रायोगिक तार ओढली, १८५४ मध्ये लोकांसाठी तारसेवा खुली झाली, आणि तीनच वर्षांनी उठाव झाला तेव्हा या तारेचे मोल राज्यकर्त्यांना पुरते कळून चुकले. तार पलटणींसाठी होती, रेल्वेसाठी होती, कापसाच्या आणि अफूच्या भावासाठी होती. खेड्यासाठी ती कधीच नव्हती. तरीही ती खेड्यात शिरली, परंतु अपशकुनासारखी. कोकणातला चाकरमानी गिरणीत कामाला, घरची माणसे डोंगरापलीकडे. त्याची खुशाली पत्राने आणि पैसा मनीऑर्डरीने येई, आणि तार येई ती बहुधा एकाच कारणाने. शिपाई तार घेऊन पाणंदीच्या तोंडाशी दिसला की घरात रडे सुरू होई, आणि तार इंग्रजीत असल्यामुळे ती वाचून दाखवणारा मास्तर सापडेपर्यंत ते थांबत नसे. क्वचित तारेत पुतण्याला नोकरी लागल्याची वर्दी निघे आणि सगळेच ओशाळत. १४ जुलै २०१३ च्या रात्री तारसेवा बंद झाली तेव्हा शहरांतल्या पुष्कळांनी आठवण म्हणून शेवटची तार पाठवण्यासाठी रांगा लावल्या. खेड्यांत तसला हळवेपणा कोणाला वाटला असेल, असे मानण्यास आम्ही तयार नाही.

टेलिफोन १८८२ साली मुंबईत आला आणि पुढची शंभर वर्षे तो शहरांचाच राहिला. तालुक्याच्या टपालकचेरीत जाऊन ट्रंक कॉल नोंदवायचा, घाई असेल तर 'अर्जंट' म्हणायचे, प्राणांशी गाठ असेल तर 'लाइटनिंग' म्हणून कितीतरी पट दाम मोजायचे, आणि बाकावर बसून राहायचे. यापलीकडे त्या शतकाविषयी खेड्याला सांगण्यासारखे फारसे काही नाही.

खरी कलाटणी मिळाली ती कित्तूरला. राणी चन्नम्माचे हे गाव बेळगाव जिल्ह्यात, पुण्याहून बंगळुराकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. परदेशातून आणलेली टेलिफोन केंद्रे अंगाने मोठी, किमतीने अफाट आणि स्वभावाने नाजूक. त्यांना बारमाही वातानुकूलित खोली लागे. जिथे माणसांना पंखा मिळत नाही तिथे यंत्राला थंड हवा कोठून आणायची? ओडिशातल्या टिटलागढला जन्मलेल्या आणि अमेरिकेत नाव कमावून परतलेल्या सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी संस्था स्थापन झाली, आणि तिच्या तरुण अभियंत्यांनी १२८ जोडण्यांचे एक लहानसे ग्रामीण स्वयंचलित केंद्र घडवले. ते धूळ सोसे, उन्हाळा सोसे, आणि त्याला थंड खोली लागत नसे. त्यातले पहिले केंद्र १९८६ मध्ये कित्तूरला सुरू झाले. आमच्या मते स्वतंत्र भारताच्या दूरसंचाराच्या इतिहासात याहून शहाणपणाचे काम झालेले नाही, कारण खेड्याने यंत्राच्या लायकीचे व्हावे अशी अट येथे नव्हती. यंत्र खेड्याच्या लायकीचे करण्यात आले होते. त्या मागोमाग तालुक्याच्या एसटी स्थानकासमोर पिवळ्या पाटीची एसटीडी बूथे उगवली. पुष्कळ ठिकाणी ती अपंगांना प्राधान्याने देण्यात आली, आणि रात्री दर उतरले की त्यांच्या काचेच्या दाराशी आखातात गेलेल्यांच्या बायका, लष्करातल्या मुलांचे बाप रांगेने उभे राहू लागले. पण बूथ होते तेही तालुक्याला. पुढच्या गावांसाठी १९९४ च्या दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात एक सार्वजनिक टेलिफोन देण्याचे अभिवचन दिले; ते पाळले गेले नाही. १९९९ च्या धोरणाने मुदत २००२ पर्यंत वाढवली. मधल्या काळात रेडिओलहरींवर चालणारे जे सार्वजनिक फोन गावोगाव बसवले, ते इतके वरचेवर मुके होत की पुढे तेच बदलण्याची निराळी योजना सरकारला हाती घ्यावी लागली. वसूल नियमित आणि सेवा थकबाकीत, ही जमाबंदीची जुनी तऱ्हा येथेही दिसते: कंपन्यांच्या उत्पन्नावर अधिभार लावून २००२ पासून ग्रामीण सेवेसाठी निधी उभारण्यात आला खरा, परंतु त्यातली मोठी रक्कम वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिली.

इंटरनेट भारतात सर्वसामान्यांना खुले झाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि अवघ्या तीनच वर्षांत ते वारणेच्या खोऱ्यात पोहोचले, ही गोष्ट अभिमानाने सांगण्यासारखी आहे. तात्यासाहेब कोऱ्यांनी उभारलेला सहकारी साखर कारखाना हा तिथला कणा. १९९८ मध्ये पंतप्रधानांच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या सूचनेवरून केंद्र, राज्य आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर-सांगली जिल्ह्यांतल्या सुमारे ७० गावांना संगणकांनी जोडण्याचा 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प हाती घेतला. शेतकऱ्याला बाजारभाव कळतील, रोगराईवर सल्ला मिळेल, मुलांना शिकता येईल, अशी उदंड चित्रे तेव्हा रंगवली गेली. शेतकरी मात्र संगणकाच्या खोलीत येई तो तीन-चार प्रश्न घेऊन: उसाची नोंद झाली का, तोड कधी, काट्यावर वजन किती भरले, बिल कधी निघणार. पुढे संशोधकांच्या ध्यानात आले की हे सारे प्रश्न एका साध्या मोबाइलच्या लघुसंदेशाने सुटण्यासारखे आहेत. त्यांनी काही गावांत संगणकाच्या जागी फोन ठेवून पाहिला आणि २००७ मध्ये त्या प्रयोगाचा वृत्तान्त 'वारणा अनवायर्ड' या नावाने प्रसिद्ध केला. याला कोणी अपयश म्हणतात. आम्हाला त्यात शेतकऱ्याचा व्यवहार दिसतो: ज्याची गरज त्याला ठाऊक होती तेवढेच त्याने त्या यंत्राकडे मागितले, आणि ते स्वस्तात मिळताच यंत्र सोडून दिले.

परंतु गरजा वाढतात, आणि पुष्कळदा त्या कचेरीच वाढवते. २०११ मध्ये राज्यात ग्रामपंचायतींसाठी 'संग्राम' प्रकल्प आला. पंचायतीच्या खोलीत संगणक आणि त्यासमोर संगणक परिचालक बसला. दाखले, कर, जन्ममृत्यूच्या नोंदी, सारे काही यंत्रात भरायचे, पण यंत्राला बाहेरच्या जगाशी जोडणारी तार नाही. तेव्हा परिचालकाने स्वतःच्या मोबाइलच्या रेंजवर ती भरायची, आणि मानधनासाठी अधिवेशनावर मोर्चे काढायचे. फेरफार ऑनलाइन झाले, १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला, आणि दिवसा सर्व्हर मंद म्हणून तलाठी रात्री जागून, डोंगल खिडकीत टांगून, नोंदी करू लागले. 'रेंज' हा शब्द मराठीने याच काळात आपलासा केला. इंग्रजीत त्याचा अर्थ टप्पा. आपल्याकडे ती पावसासारखी 'येते' आणि 'जाते', आणि तिच्यासाठी माणसे टेकडीवर जातात. 'मु.' आणि 'पो.' यांच्यामधल्या वाटेवर पूर्वी महार चालत होता, आता परिचालक आणि तलाठी चालू लागले होते. इतकेच की त्यांच्या पायांखाली रस्ता नव्हता, लहरी होत्या.

या वाटेवर तार टाकण्याचा रीतसर ठराव केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ ऑक्टोबर २०११ रोजी केला. योजनेचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. बीएसएनएल, रेलटेल आणि पॉवर ग्रिड यांची काचतंतूंची जाळी तालुक्यापर्यंत आधीच पोहोचलेली होती. नवी तार टाकायची ती तालुक्यापासून ग्रामपंचायतीपर्यंतच. म्हणजे जिथे हरकारा थांबला, तारायंत्र थांबले आणि एसटीडी बूथ थांबले, नेमक्या त्याच जागी काचतंतूही येऊन थांबला होता. अडीच लाख ग्रामपंचायतींना प्रत्येकी १०० एमबीपीएसची जोडणी, सुमारे २०,००० कोटी खर्च, आणि मुदत दोन वर्षे. त्या सुमारास सरकारी व्याख्येप्रमाणे २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड होते, हे लक्षात घेतले म्हणजे या संकल्पाचा आवाका कळतो. ऑक्टोबर २०१२ पर्यंत अजमेर, विशाखापट्टणम आणि त्रिपुरा येथील तीन गटांत प्रयोग म्हणून ५९ पंचायती जोडल्या गेल्या, आणि त्यानंतर गाडा रुतला. योजनेला 'भारतनेट' हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती डिसेंबर २०१७ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने 'महानेट' या नावाने काम स्वतःकडे घेतले.

गाडा का रुतला, याचे उत्तर दिल्लीच्या दप्तरात जितके सापडेल तितकेच रस्त्याच्या कडेला सापडेल. काचतंतू जमिनीखाली सुमारे १.६५ मीटर खोल टाकण्याचा दंडक आहे. देशावरच्या काळ्या मातीत ते साधते. कोकणात वीतभर मातीखाली जांभा लागतो आणि प्रत्येक हाताला कुदळ परत फिरते. मेळघाटात वनखात्याची परवानगी हवी, रस्त्याकडेला सार्वजनिक बांधकाम खात्याची, पुढे जिल्हा परिषदेची. एवढे सोसून तार पडली की सहा महिन्यांत रस्ता रुंद करण्यास अथवा नळाची लाइन टाकण्यास जेसीबी येतो आणि एका घासात ती तोडतो. हा उच्छाद इतका वाढला की खणण्यापूर्वी कळवा, असे सांगणारे एक अ‍ॅपच केंद्र सरकारला मार्च २०२३ मध्ये काढावे लागले. त्यातही पहिली रचना माळेसारखी होती. एके ठिकाणी धागा तुटला की पुढचे सगळे मणी ओघळत. तार शाबूत असली तरी पंचायतीत वीज नसे, बॅटरी उतरलेली असे, किंवा किल्ली ज्याच्याकडे तो बाजाराला गेलेला असे.

मेळघाटातल्या धारणी तालुक्यातले हरिसाल २०१६ मध्ये देशातले पहिले डिजिटल गाव म्हणून गाजले, आणि २०१९ च्या प्रचारसभांत राज ठाकरे यांनी तेथल्या सोयींविषयी व्यासपीठावरून चित्रफिती दाखवल्या. एका गावावर इतका प्रकाश पडावा आणि शेजारची गावे अंधारात राहावीत, यातच नमुनेदार गावाच्या कल्पनेचा दोष उघड होतो. त्यानंतर वर्षाच्या आत महामारी आली, शाळा मोबाइलमध्ये शिरल्या, आणि सह्याद्रीच्या पायथ्याला, सिंधुदुर्गात तशीच गोव्याच्या सांगे-सत्तरीत, पोरे वही, छत्री आणि फोन घेऊन डोंगर चढू लागली.

ऑगस्ट २०२३ मध्ये भारतनेटच्या सुधारित कार्यक्रमाला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. आता माळेऐवजी कडे आखले आहे, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालावी, आणि दहा वर्षांच्या देखभालीची तरतूदही त्यात आहे. बांधणाऱ्याने सांभाळायचेही असते, हे कलम बारा वर्षांनी दाखल झाले. त्यातले दुसरे कलम अधिक मनोरंजक आहे: पंचायतीपासून घरापर्यंतची जोडणी गावातल्याच उद्यमी माणसाने द्यावी. तो माणूस योजनेच्या आधीपासून तेथे आहेच. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी छपरावर तबकडी लावून घरोघर टीव्हीची वाहिनी देणारा केबलवाला आता विजेच्या खांबावरून काळी फायबर नेतो, वाटेत चिंचेच्या फांदीला एक वेढा देतो, गोठ्याच्या वाशाला खिळा मारतो आणि माजघरातल्या देवळीत राऊटर बसवतो. दीड मीटर खोलीचा दंडक त्याला लागू नाही, त्याला लागू आहे तो वळवाचा वारा. रोहिणी नक्षत्र लागले की फांद्या पडतात, तारा तुटतात, फोन सुरू होतात, आणि तो मोटारसायकलच्या टाकीवर स्प्लाइसिंग मशीन ठेवून, ते भिजू नये म्हणून खताची रिकामी गोणी त्यावर पांघरून, तालुक्याकडून वाडीकडे निघतो.