साखळीविना साखळी : शिकागोतील नभोवाणी-मालिका आणि आवाजाची मालकी

'सिंडिकेशन' या शब्दाला मराठीत रुळलेला प्रतिशब्द नाही. 'वितरण' म्हटले की व्यापार तेवढा कळतो, हक्काचा प्रश्न निसटतो. एकच मजकूर एकाच वेळी अनेक वृत्तपत्रांना पैसे घेऊन पुरवायचा, आणि मजकुराची मालकी मात्र छापणाऱ्याकडे न जाता पुरवणाऱ्याकडे राहायची, अशी ही व्यवस्था. अमेरिकन वृत्तपत्रांत ती नभोवाणीच्या कितीतरी आधीपासून होती आणि चित्रमालिका तिच्यावरच जगत. नभोवाणीवर ती प्रथम कशी आली, याचा इतिहास माध्यमांच्या अभ्यासकांनी बराच लिहिला आहे. साहित्याच्या अभ्यासकांनी त्याकडे अधिक लक्ष द्यावे असे आम्हांस वाटते. 'संहिता कोणाची?' हा आपल्या परिचयाचा प्रश्न तेथे फार उघड्या स्वरूपात उभा राहिला होता, आणि त्याला जोडून 'आवाज कोणाचा?' हा दुसरा, अधिक अडचणीचा प्रश्नही.

फ्रीमन गॉस्डेन हा व्हर्जिनियातील रिचमंडचा, तर चार्ल्स कॉरेल हा इलिनॉयमधील पिओरियाचा. दोघेही गोरे. गावोगावच्या हौशी मंडळींकडून 'मिन्स्ट्रेल' खेळ बसवून घेणाऱ्या एका कंपनीत ते नोकरीला होते. मिन्स्ट्रेल म्हणजे गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून कृष्णवर्णीयांची बोली, चाल आणि गाणी यांची नक्कल करण्याचा एकोणिसाव्या शतकातला अतिशय लोकप्रिय प्रकार. 'शिकागो ट्रिब्यून' या वृत्तपत्राच्या डब्ल्यूजीएन केंद्राने या दोघांना कामावर घेतले, तेव्हा 'द गम्प्स' या आपल्या गाजलेल्या चित्रमालिकेचे नभोवाणी-रूप त्यांनी करावे अशी सूचना वृत्तपत्राकडून आली. त्यांनी ती स्वीकारली नाही, पण तिच्यातला गाभा उचलला : रोज थोडेसे, तीच पात्रे, कथा उद्यावर टाकलेली. १२ जानेवारी १९२६ रोजी 'सॅम अँड हेन्री' सुरू झाली. दक्षिणेतून शिकागोत पोट भरायला आलेल्या दोन कृष्णवर्णीयांची ही कथा रोज दहा मिनिटे चाले. पुढे नभोवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर ज्या दैनंदिन मालिकांचे पीक आले, त्यांच्या वंशावळीत हे नाव अगदी वर आहे.

मालिका लोकप्रिय होताच दोघांनी केंद्रापुढे एक मागणी ठेवली. कार्यक्रम तबकड्यांवर मुद्रित करून इतर शहरांतील केंद्रांना विकू द्यावा. डब्ल्यूजीएनने नकार दिला, आणि मालिकेचे नावही आपल्याच मालकीचे असल्याचे सांगितले. १९२७ संपता संपता दोघे बाहेर पडले. केंद्राने तेच नाव ठेवून दुसऱ्या नटांकरवी मालिका काही महिने रेटली. ती चालली नाही. नाव केंद्रापाशी राहिले आणि श्रोते आवाजांमागे गेले. लेखकाच्या हक्काविषयीचा इतका स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही करता आला नसता.

प्रतिस्पर्धी 'शिकागो डेली न्यूज'च्या डब्ल्यूएमएक्यू केंद्राशी त्यांनी केलेल्या करारात मुद्रित भाग इतरत्र वितरित करण्याचा हक्क स्पष्टपणे त्यांच्याकडे होता. १९ मार्च १९२८ रोजी नव्या नावाने, नव्या पात्रांसह मालिका सुरू झाली : 'एमॉस अँड अँडी'. एमॉस जोन्स आणि अँडी ब्राउन हे अटलांटाकडून शिकागोला येतात आणि समोरची काच नसलेल्या एका मोडक्या गाडीवर 'फ्रेश एअर टॅक्सी' नावाची कंपनी काढतात.

या व्यवस्थेला 'साखळीविना साखळी' म्हटले गेले. त्या काळी प्रक्षेपण-जाळ्याला 'साखळी' म्हणत. १९२६ साली स्थापन झालेली एनबीसी दूरध्वनीच्या तारा भाड्याने घेऊन केंद्रे जोडी; या तारांचे भाडे देणे एकट्यादुकट्या कलावंताच्या आवाक्यातले नव्हते. तबकडी मात्र टपालाने जाई. भाग काही आठवडे आधी मुद्रित करायचे, तबकड्या केंद्रोकेंद्री पाठवायच्या, आणि शिकागोत दोघे थेट सादर करत असताना त्याच रात्री इतर शहरांत त्या वाजायच्या. बारा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम पाच मिनिटे मावत, म्हणून दहा मिनिटांचा भाग दोन तुकड्यांत पाडावा लागे. एक बाजू संपून दुसरी सुरू होईपर्यंत श्रोत्याने थांबावे अशा ठिकाणी संवाद आणून ठेवणे हे लेखकाचे काम झाले. रूपबंध साधनाच्या मापाने कसा घडतो, हे आपण मासिकांतून क्रमशः येणाऱ्या कादंबऱ्यांच्या संदर्भात वर्गात शिकवतोच. येथे ते मिनिटांत मोजता येते.

अडथळा होता तो प्रतिष्ठेचा. मुद्रित कार्यक्रम म्हणजे उसना माल, अशी समजूत होती. १९२७ साली स्थापन झालेल्या फेडरल रेडिओ कमिशनने तबकडी वाजवताना तसे जाहीर करण्याचे बंधन घातले. मोठ्या साखळ्यांनी तर मुद्रित कार्यक्रम जवळजवळ वर्ज्यच मानला. ६ मे १९३७ रोजी 'हिंडेनबर्ग' हे वायुयान जळाले, त्याचे हर्बर्ट मॉरिसनने केलेले मुद्रित वर्णन एनबीसीने ऐकवले ते अपवाद म्हणून. ही बंदी खऱ्या अर्थाने ढिली व्हायला १९४६ उजाडावे लागले. त्या वर्षी गायक बिंग क्रॉस्बीने, दर आठवड्याला थेट सादरीकरणाला बांधून राहायचे नाही म्हणून, एबीसी या नव्या साखळीवर मुद्रित कार्यक्रम सुरू केला. 'थेट'पणाचा आग्रह सौंदर्यविचारातून आला होता असे मानणे भोळेपणाचे ठरेल. कार्यक्रम तबकडीवरून जाऊ लागला, तर तारांच्या साखळीची गरजच उरत नव्हती.

पण 'एमॉस अँड अँडी'ची स्वतंत्र साखळी दीडच वर्ष टिकली. कित्येक डझन केंद्रांवर तबकड्या वाजत असताना, १९ ऑगस्ट १९२९ रोजी पेप्सोडेंट टूथपेस्टच्या पुरस्काराने मालिका एनबीसीवर गेली. दोघांना वर्षाला एक लाख डॉलर मिळाले आणि पात्रांचे बिऱ्हाड शिकागोतून न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये हलले. चित्रपटगृहे मालिकेच्या वेळी चित्रपट थांबवून तिचे प्रक्षेपण ऐकवीत, ही हकिगत अनेकांनी नोंदवली आहे आणि ती खरी आहे.

येथपर्यंत ही कलावंताच्या विजयाची कथा आहे, आणि पुष्कळदा ती येथेच थांबवली जाते. आम्हांस मात्र खरा पेच येथून पुढे दिसतो. आपल्या आवाजाची मालकी केंद्राच्या हातून सोडवून घेणाऱ्या या दोघांनी जो आवाज विकला, तो त्यांचा नव्हताच. दक्षिणेतून उत्तरेकडे स्थलांतर करणाऱ्या लाखो कृष्णवर्णीयांची ती बोली होती. तीही जशीच्या तशी नव्हे, मिन्स्ट्रेलच्या रंगमंचावरून गाळून आलेली. रंगमंचावर निदान चेहऱ्यावरची काजळी दिसे. नभोवाणीवर तीही दिसत नाही. तबकडीसोबत ही नक्कल अशा गावांतही पोहोचली, जेथे तिच्याशी ताडून पाहायला मूळ आवाज क्वचितच कानी पडत असेल.

विरोध झाला. बिशप वॉल्स यांनी १९३० साली 'अ‍ॅबट्स मंथली'मध्ये मालिकेवर कठोर टीका केली. पुढच्या वर्षी 'पिट्सबर्ग कुरियर' या कृष्णवर्णीय वृत्तपत्राचे संपादक रॉबर्ट व्हॅन यांनी दहा लाख सह्यांची मोहीम उघडली. मालिका बंद पडली नाही. मात्र कृष्णवर्णीय समाजाचे मत एकमुखी होते असे लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. त्याच १९३१ साली 'शिकागो डिफेंडर' या तितक्याच वजनदार कृष्णवर्णीय वृत्तपत्राने गॉस्डेन-कॉरेल यांना आपल्या मुलांच्या मेळाव्याला सन्मानाने बोलावले होते. अनेकांना त्या पात्रांत आपले शहरातले हाल ओळखीचे वाटत. एमॉसच्या कष्टाळूपणाला नुसती टिंगल म्हणून निकालात काढता येत नाही, आणि हा गुंता सोडवून टाकण्याची घाई टीकाकाराने करू नये. दूरचित्रवाणीवर १९५१ साली कृष्णवर्णीय नटांना घेऊन मालिका आली, एनएएसीपी या संघटनेने निषेध केला, १९५३ मध्ये नवे भाग थांबले. तरीही स्थानिक केंद्रांना विकलेले जुने भाग १९६६ पर्यंत फिरतच राहिले. वितरणामुळे कृतीला असे दुसरे आयुष्य मिळते, ती कोणाला नकोशी झाली असली तरीही.

याच डब्ल्यूएमएक्यू केंद्रावरून, ते एनबीसीच्या मालकीचे झाल्यावर, २७ जून १९४८ रोजी 'डेस्टिनेशन फ्रीडम' ही साप्ताहिक मालिका सुरू झाली. लेखक रिचर्ड डरहॅम, मिसिसिपीत जन्मलेला आणि शिकागोत वाढलेला कृष्णवर्णीय पत्रकार. आरंभी पाठबळ 'शिकागो डिफेंडर'चे. फ्रेडरिक डग्लस, हॅरिएट टबमन, आयडा वेल्स यांची चरित्रे तो अर्ध्या तासाच्या नाट्यात बांधी. नव्वदच्या आसपास संहिता दोन वर्षांत एकट्याने लिहिल्या. त्यांतील पात्रे निर्मळ, धारदार इंग्रजी बोलतात, आणि ज्या शहराने 'फ्रेश एअर टॅक्सी'वर हसून घेतले होते त्याच्या कानाला ते बोलणे कसे लागले असेल याची कल्पना करता येते. ही मालिका शिकागोबाहेर गेली नाही. एनबीसीची देशभरची साखळी हाताशी असूनही तिला ती मिळाली नाही, आणि गॉस्डेन-कॉरेल यांच्यासारखी टपालाची साखळीही तिच्या वाट्याला आली नाही. १९५० साली डरहॅम दूर झाला; मालिकेचे नाव केंद्राने ठेवले आणि निवेदक म्हणून अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातील पॉल रिव्हीअर याचे पात्र आणले. नाव केंद्राचे ठरण्याचा हा प्रकार आपण वर पाहिलाच आहे; फरक इतकाच, की या वेळी लेखकाला श्रोत्यांसह उठून जाता येईल असे दुसरे केंद्र समोर नव्हते.

डरहॅमचे निधन १९८४ साली झाले. जे. फ्रेड मॅकडॉनल्ड या इतिहासकाराने त्याच्या निवडक संहिता १९८९ साली ग्रंथरूपात आणल्या. मालिकेच्या बऱ्याच भागांचे ध्वनिमुद्रणही टिकून आहे, आणि १९४८ साली शिकागोबाहेर ज्याला ते ऐकता आले नसते, अशा कोणत्याही वाचकाला ते आज ऐकता येते.