बेथेस्दाच्या तलावाकाठी

‘चमत्काराशिवाय नमस्कार नाही’ ही म्हण आपल्या ओठांवर सहज येते. शुभवर्तमानाचे लेखक मात्र या म्हणीच्या वाटेने गेलेले दिसत नाहीत. मूळ ग्रीक भाषेत निव्वळ विस्मय दर्शविणारा ‘तेरास’ हा शब्द येशूच्या कृत्यांसाठी एकट्याने कोठेही योजलेला नाही. तो आला तर ‘चिन्हे’ या शब्दाच्या जोडीनेच येतो. मत्तय, मार्क आणि लूक ‘दुनामिस’, म्हणजे सामर्थ्याचे कृत्य, असे म्हणतात. संत योहान ‘सेमेयोन’, म्हणजे चिन्ह, हा शब्द पसंत करतो. परुश्यांनी परीक्षा पाहण्यासाठी चिन्ह मागितले तेव्हा येशूने ते साफ नाकारले, हे मार्कने आठव्या अध्यायात नोंदविले आहे.

मग चिन्ह कशाचे? योहानाच्या पाचव्या अध्यायातील एकच प्रसंग घेऊ. यरुशलेममध्ये मेंढरे दरवाजाजवळ बेथेस्दा नावाचा तलाव, त्याला पाच पडव्या, आणि त्यांत पडून असलेले आंधळे, लंगडे, लुळे. या पाच पडव्या म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांचे रूपक, प्रत्यक्षात असे काही नव्हतेच, असे काही पंडित एकेकाळी सांगत. जागेनेच त्याचे उत्तर दिले. ऑटोमन सुलतानाने १८५६ साली फ्रान्सला दिलेल्या संत अन्नाच्या मंदिराच्या आवारात पुढे उत्खनने झाली. तेथे दोन जोडतलाव व त्यांच्यामधला बांध उघडा पडला. चार बाजूंना चार पडव्या आणि मधल्या बांधावर पाचवी, असा मेळ बसतो. त्याच परिसरात रोमन काळातील, नवसाचे म्हणून वाहिलेले संगमरवरी पाऊलही मिळाले. वांद्र्याच्या मोतमाउलीला मेणाचे हातपाय वाहणाऱ्या आपल्या मंडळींना ते परके वाटू नये! देवदूत येऊन पाणी हलवीत असे, हे वाक्य मात्र सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही.

या गर्दीतून येशू एकाच माणसापाशी थांबतो. तो अडतीस वर्षे आजारी आहे. ‘बरे व्हावेसे वाटते का?’ या प्रश्नाला तो होकारही देत नाही. पाण्यात सोडायला आपल्याला कोणी माणूस नाही, एवढेच गाऱ्हाणे सांगतो. आपल्याला कोणी बरे केले हेही त्याला ठाऊक नसते. येथे विश्वासाची अट कोठे आहे? अन्यत्र येशू आजाऱ्यांच्या विश्वासाची वाखाणणी करतो, हे खरे. परंतु ‘तुमचा विश्वास उणा पडला म्हणून तुमचे मूल बरे झाले नाही’ असे दुःखी आईबापांना सुनावणाऱ्यांनी हा अध्याय पुन्हा वाचावा. असे बोल मी प्रार्थनासभांतून ऐकले आहेत. ते क्रूर आहेत, आणि शास्त्राला धरूनही नाहीत. पुढे मंदिरात भेटल्यावर येशू त्या माणसाला पापापासून दूर राहण्यास बजावतो. परंतु जन्मांधाच्या बाबतीत, नवव्या अध्यायात, ‘पाप कोणाचे?’ हा शिष्यांचा तर्कच तो मोडीत काढतो.

उरलेल्यांचे काय? हा प्रश्न संत ऑगस्टीनलाही पडला होता. एका शब्दाने सर्वांना उठवता आले असते, तरी एकच का, असे त्याने योहानाच्या शुभवर्तमानावरील प्रवचनात विचारले. देहाला मिळालेले आरोग्य तात्पुरतेच, ख्रिस्त आला तो आत्म्याच्या आरोग्यासाठी, असे त्याचे उत्तर. अडतीस म्हणजे चाळिसाला दोन उणे, आणि ते उणे दोन म्हणजे देवावरील व शेजाऱ्यावरील प्रीती, हा त्याचा हिशेब आज थोडा ओढूनताणून वाटतो. मूळ प्रश्न मात्र त्याने टाळला नाही.

योहान वाचकाला पुढे नेतो तो शब्बाथाच्या वादाकडे. बाज उचलून चालणे हा नियमभंग ठरला. ‘माझा पिता अजूनही काम करीत आहे’ या आशयाचे येशूचे उत्तर हाच त्या चिन्हाचा अर्थ होता, आणि तोच विरोधकांना सोसवला नाही. प्रायश्चित्तकाळाच्या चौथ्या आठवड्यात, मंगळवारच्या मिस्सेत, हा उतारा वाचला जातो. आपल्याला बरे करणारा येशू होता हे तो माणूस जाऊन सांगतो, येशूचा छळ सुरू होतो, आणि वाचन तेथेच थांबते.