खातेवही कोणी तपासायची?

१५ ऑगस्ट २०१० रोजी, आपल्याकडे स्वातंत्र्यदिनाची रात्र झालेली असताना, बिटकॉइन नावाच्या संगणकजाळ्यात एक विलक्षण नोंद झाली. हे जाळे तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते. या चलनात एकूण २ कोटी १० लाखांपेक्षा जास्त नाणी कधीही निर्माण होणार नाहीत, असा नियम त्याच्या आज्ञावलीतच घालून दिलेला आहे. असे असताना ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमधील एका व्यवहाराने दोन पत्त्यांवर प्रत्येकी सुमारे ९,२२३ कोटी नाणी जमा करून टाकली!

हे घडले कसे, ते वर्गात सांगण्याजोगे आहे. संगणक पूर्णांक ठराविक घरांतच साठवतो. येथे ती घरे ६४ होती. त्यांत मावणारी सर्वांत मोठी धन संख्या ओलांडली, की बेरीज एकदम ऋण बाजूला जाऊन पडते. जुन्या गाडीचा किलोमीटर-मीटर ९९,९९९ नंतर शून्यावर येतो, तसाच हा प्रकार. दोन अवाढव्य रकमांची बेरीज घसरून शून्याच्या किंचित खाली आली. त्यामुळे 'बाहेर जाणारी रक्कम आत आलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही ना?' ही तपासणी बिनबोभाट पार पडली.

चूक काही तासांतच लोकांच्या लक्षात आली आणि दुरुस्त आज्ञावलीही तयार झाली. पण ती बसवायची कोठे? या चलनाला मुख्य कार्यालय नाही, मुख्य संगणक नाही. ज्यांच्या ज्यांच्या संगणकावर ही आज्ञावली चालू होती, त्या प्रत्येकाने ती आपापली बदलायची होती. बऱ्याच जणांनी ती बदलली. त्यांच्या संगणकांनी तो ब्लॉक आणि त्यावर रचलेले पुढचे सारे ब्लॉक नाकारले व त्याच्या आधीच्या ब्लॉकपासून नवी साखळी रचायला घेतली. सुमारे पन्नास ब्लॉकनंतर ही शुद्ध साखळी लांबीने पुढे गेली आणि आज्ञावली न बदललेले संगणकही आपोआप तिच्याकडे वळले. १८ हजार कोटींहून अधिक नाणी जशी आली तशी नाहीशी झाली.

या प्रसंगात निर्णय घेतला तो ब्लॉक नाकारणाऱ्या संगणकांनी. अशा संगणकाला 'पूर्ण नोड' म्हणतात. नोड म्हणजे जाळ्यातील गाठ. आपल्याकडे जमिनीचा सात-बारा तलाठ्याच्या दप्तरात असतो. समजा, गावातील प्रत्येक घरात त्या दप्तराची संपूर्ण प्रत आहे आणि नवा फेरफार आला की प्रत्येक घर तो नियमांशी ताडून पाहते, पटला तरच आपल्या प्रतीत उतरवते. पूर्ण नोड हे असे एक घर आहे. पहिल्या ब्लॉकपासून आजपर्यंतचा प्रत्येक व्यवहार तो स्वतः तपासतो. सही खरी आहे का, तेच नाणे दोनदा खर्चले नाही ना, नवी नाणी नियमाबाहेर निघाली नाहीत ना, एवढेच त्याचे काम. त्याबद्दल त्याला कोणी एक पैसाही देत नाही.

मग हा खटाटोप कशासाठी? त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. संगणकावरील रोकड ही कल्पना बिटकॉइनपेक्षा बरीच जुनी आहे. डेव्हिड चॉम या अमेरिकन संशोधकाने १९८३ मध्येच तिचे गणित मांडले होते, आणि पुढे त्याच्या डिजिकॅश या कंपनीने ती प्रत्यक्षात आणली. गणित उत्तम होते. पण नाणे आधी खर्चले गेले आहे का, हे पाहण्यासाठी बँकेचा संगणक लागे. १९९८ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि ती रोकडही बंद पडली. तपासणारा एकच असेल, तर त्याच्याबरोबर सगळेच जाते.

दुसरा धागा स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा यांचा. एखादा दस्तऐवज अमुक तारखेला अस्तित्वात होता हे नंतर कोणालाही खोडता येऊ नये, यासाठी त्यांनी १९९१ मध्ये दस्तऐवजांचे गणिती ठसे एकमेकांत साखळीसारखे गुंफण्याची रीत सुचवली. १९९५ पासून त्यांची कंपनी असा एक ठसा दर आठवड्याला 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या छोट्या जाहिरातींत छापू लागली. कल्पना किती साधी पाहा! एकदा वर्तमानपत्र घरोघरी आणि ग्रंथालयांत पोहोचले, की सगळे अंक गोळा करून तो ठसा कोण बदलणार? २००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने प्रसिद्ध झालेल्या बिटकॉइनच्या ९ पानी निबंधात एकूण संदर्भ आठ आहेत. त्यांतील तीन हेबर-स्टॉर्नेटा यांच्या कामाचे आहेत.

३ जानेवारी २००९ रोजी पहिला ब्लॉक तयार झाला. त्या काळी नोड चालवणे आणि नवे ब्लॉक बनवणे, म्हणजे 'मायनिंग', ही दोन कामे एकच होती. घरचा संगणक दोन्ही करी. पुढे मायनिंगसाठी आधी चित्रप्रक्रियेची कार्डे आली, आणि २०१३ पासून केवळ हेच एक काम करणाऱ्या खास चिपा आल्या. २०१० च्या अखेरीस मायनरांचे संघ निघाले. जून २०१४ मध्ये तर एका संघाकडे जाळ्याच्या एकूण गणनशक्तीचा जवळजवळ निम्मा वाटा काही काळ एकवटला होता. अशा रीतीने ब्लॉक बनवणे हा मूठभरांचा धंदा झाला, आणि ब्लॉक तपासणे तेवढे सामान्यांच्या हाती उरले. विजेच्या उधळपट्टीबद्दल बिटकॉइनवर जी टीका होते, ती मायनिंगला लागू पडते. नोड एखाद्या छोट्या दिव्याएवढ्या विजेवरही चालतो. वृत्तपत्रांत या दोहोंची सर्रास गल्लत झालेली दिसते.

मायनर आणि तपासनीस वेगळे झाल्यावर काय होते, हे ४ जुलै २०१५ रोजी दिसले. सह्यांच्या मांडणीविषयीचा एक कडक नियम नुकताच लागू झाला होता. एका मायनरने जुन्या आज्ञावलीने बनवलेला, नव्या नियमात न बसणारा ब्लॉक पुढे ढकलला. मोठ्या संघांनी तो न तपासताच त्यावर पुढचे ब्लॉक रचायला सुरुवात केली. कारण तपासणीत काही क्षण जातात, आणि शर्यतीत क्षणालाही किंमत असते. अशी सहा ब्लॉकांची साखळी झाली. पूर्ण नोडांनी ती सरळ नाकारली आणि मायनरांचे प्रत्येक ब्लॉकमागचे २५ नाण्यांचे बक्षीस बुडाले. मात्र जे लोक स्वतः काही न तपासता केवळ 'लांब साखळी ती खरी' असे मानणारी हलकी आज्ञावली वापरत होते, त्यांना काही काळ खोटी साखळी खरी वाटत राहिली.

आता मुख्य वादाकडे येऊ. २०१० मध्ये नाकामोतोने ब्लॉकच्या आकारावर १ मेगाबाइटची मर्यादा घातली होती. दर दहा मिनिटांना एक ब्लॉक, आणि सर्वसाधारण व्यवहार २५० बाइटांचा धरला, तर सेकंदाला जेमतेम सात व्यवहार होतात. जगाच्या चलनाला हे कसे पुरावे? २०१५ मध्ये गॅव्हिन अँड्रेसन या प्रमुख आज्ञावलीकाराने ही मर्यादा आधी २० मेगाबाइट करावी असे सुचवले. मग ८ मेगाबाइटपासून सुरुवात करून दर दोन वर्षांनी ती दुप्पट करावी, अशी योजना पुढे आली. दुसऱ्या बाजूचे म्हणणे होते की याने नोड चालवणे सामान्यांच्या आवाक्याबाहेर जाईल.

हा वाद नुसत्या मतांचा नव्हता; त्यात आकडेमोड होती आणि ती आपल्या विद्यार्थ्यांना करता येईल. दिवसाला १४४ ब्लॉक, वर्षाला ५२,५६०. १ मेगाबाइटने वर्षाकाठी साधारण ५२ गीगाबाइट नवी माहिती साठते. २० मेगाबाइटने एक हजार गीगाबाइटहून अधिक. दर दोन वर्षांनी दुप्पट होत योजनेच्या शेवटी, म्हणजे २०३६ मध्ये, एक ब्लॉक ८ गीगाबाइटचा होणार होता. म्हणजे दररोज अकराशे गीगाबाइटहून अधिक. हे उतरवून घेणारा, तपासणारा आणि शेजाऱ्याला पुढे देणारा संगणक कोणाच्या घरात असेल?

येथे मोठ्या ब्लॉकवाल्यांची बाजूही न्यायाने सांगायला हवी. नोड पुढे मोजक्या तज्ज्ञांच्या मोठ्या संगणककेंद्रांकडे जातील आणि सामान्य लोक हलक्या पद्धतीने काम भागवतील, असे खुद्द नाकामोतोनेच २००८ मध्ये लिहिले होते. हलक्या पद्धतीत ब्लॉकचे फक्त ८० बाइटांचे शीर्षक ठेवावे लागते. वर्षाला अवघे ४ मेगाबाइट. शिवाय, व्यवहाराचे शुल्कच परवडत नसेल तर खातेवही फुकट तपासता येऊन काय उपयोग? डिसेंबर २०१७ मध्ये सरासरी शुल्क पन्नास डॉलरांच्या घरात गेले होते. केनिया किंवा भारतातील शेतमजुराला असे चलन कशाला हवे? या प्रश्नाला छोट्या ब्लॉकवाल्यांकडे तेव्हा समाधानकारक उत्तर नव्हते, असे आम्हाला वाटते.

मधला मार्ग म्हणून व्यवहारातील सह्यांची मांडणी बदलून थोडी जागा मोकळी करणारी 'सेगविट' ही सुधारणा २०१६ च्या अखेरीस तयार झाली. ती लागू होण्यासाठी ९५ टक्के गणनशक्तीची संमती हवी होती. मायनरांचा पाठिंबा कित्येक महिने एकतृतीयांशाच्या आसपास घुटमळत राहिला. मे २०१७ मध्ये २२ देशांतील ५८ कंपन्यांनी न्यूयॉर्क येथे करार केला: सेगविटही आणायचे आणि सहा महिन्यांत ब्लॉकची मर्यादा २ मेगाबाइटही करायची. या कंपन्यांच्या मागे ८३ टक्के गणनशक्ती होती. काम झाल्यातच जमा होते, असे कोणालाही वाटावे.

पण त्याआधीच एका अनामिक आज्ञावलीकाराने वेगळीच वाट काढली होती. वापरणाऱ्यांनी आपापल्या नोडवर असा नियम बसवावा, की १ ऑगस्ट २०१७ नंतर सेगविटला संमती न दर्शवणारा प्रत्येक ब्लॉक नाकारायचा. मायनरांनी असे ब्लॉक बनवले, तर ते विकत घेणार कोण? असा नोड चालवणारे संख्येने थोडे होते. जाळे दुभंगण्याचा आणि स्वतःच एकटे पडण्याचा धोका त्यांनीच पत्करला होता. मुदत जवळ आली तसे मायनर हलले. जुलै अखेरीस आवश्यक संमती जमली, आणि २४ ऑगस्टला सेगविट लागू झाले. ज्यांना मोठेच ब्लॉक हवे होते, त्यांनी १ ऑगस्टलाच 'बिटकॉइन कॅश' नावाने वेगळी चूल मांडली. न्यूयॉर्क कराराचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे २ मेगाबाइटची मर्यादा, त्याच्या पुरस्कर्त्यांनी ८ नोव्हेंबर २०१७ रोजी पुरेशी सहमती नसल्याचे सांगून मागे घेतला.

हा विजय नोडांचा की कराराचा, यावर आजही दुमत आहे. करारामुळेच मायनर वळले, असे म्हणणारे आहेत. आम्हाला तारखांचा क्रम पाहता १ ऑगस्टच्या धाकाचा वाटा मोठा वाटतो. मात्र यावरून नुसती नोडांची संख्या म्हणजे बळ, असे समजू नये. भाड्याने हजार संगणक घेऊन एकच माणूस हजार नोड उभे करू शकतो. ते मोजायला हजार, पण घर एकच. ज्या नोडवर विसंबून कोणी दुकानदार माल देतो, कोणी विनिमयकेंद्र पैसे चुकते करते, त्याच्या नकाराला वजन असते. बंद खोलीत चालणारा नोड नियम पाळतो खरा, पण तो आपल्या धन्यापुरता.

उलट उदाहरण 'इथेरियम' या दुसऱ्या जाळ्याचे. त्यातील असंख्य सेवा स्वतःचा नोड न चालवता 'इन्फ्युरा' या कंपनीच्या नोडांवर विसंबून होत्या. ११ नोव्हेंबर २०२० रोजी त्या नोडांवरील जुन्या आज्ञावलीतील दोष उघडा पडला, ते मुख्य साखळीपासून फुटले, आणि मूळ जाळे चालू असूनही काही मोठ्या विनिमयकेंद्रांना इथरचे व्यवहार थांबवावे लागले. डिजिकॅशच्या एका संगणकाची जागा एका कंपनीच्या नोडांनी घेतली होती, एवढाच फरक.

आपल्याकडे २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले, आणि २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर आहे. नाणी घ्यावीत की नाही, हा आमचा विषय नाही. नोड चालवायला एकही नाणे लागत नाही.

लागते ते असे: आज संपूर्ण खातेवही ६०० गीगाबाइटच्या पुढे गेली आहे. एक हजार गीगाबाइटची चकती, साधा संगणक, अखंड इंटरनेट आणि पहिल्या तपासणीसाठी काही तास ते काही दिवस. जागा कमी असेल तर २०१५ पासून एक सोय आहे: नोड सारे ब्लॉक एकदा तपासतो आणि जुने टाकून देतो, शिल्लक नोंदी तेवढ्या ठेवतो. त्याची तपासणी पूर्ण नोडाइतकीच कडक असते. पण नव्याने जाळ्यात येणाऱ्या संगणकाला पहिल्यापासूनची खातेवही तो देऊ शकत नाही. ती देण्यासाठी कोणाच्या तरी घरी सगळी पाने जपलेली असावी लागतात.