थंडीत तेल का गळतं?

मंडळी, आज एक साधं कोडं घालतो. तेल थंडीत घट्ट होतं हे लहान पोरालाही ठाऊक असतं. आमच्या सेमाडोहला दिवाळी सरली की खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ ठेवावी लागते, नाहीतर सकाळी काडीनं कोरून तेल काढायची पाळी येते. मग जे तेल घट्ट होऊन बसलंय, ते गाडीतून गळावं कसं? उन्हाळ्यात तेल पातळ होऊन गळालं तर समजू शकतं. पण ऐन थंडीत सकाळी गाडी सुरू केली की खाली काळे थेंब पडतात आणि इंजिन तापलं, ऊन चढलं की गळती थांबते. हे काय गौडबंगाल?

परतवाडा-धारणी रस्त्यावरचं आमचं गाव सिपना नदीच्या खोऱ्यात आहे. चहूकडे डोंगर आणि सागाचं जंगल. रात्री थंड, जड हवा उतारावरून खाली येते आणि खोऱ्यात साठून राहते. त्यामुळे थंडीची ही गंमत इथे सकाळी-सकाळी पाहायला मिळते. परतवाड्याच्या एका जुन्या मिस्त्रीला मी एकदा याचं कारण विचारलं. हात पुसत तो म्हणाला, "गुरुजी, तेलात काई दोष नाई. थंडीनं सील आखडलं हाये. गाडी गरम होऊ द्या, मंग पाहा, आपोआप थांबते."

त्याच्या या उत्तरात सगळं शास्त्र आलं. इंजिनातला फिरता दांडा, म्हणजे क्रँकशाफ्ट, जिथून बाहेर निघतो तिथे एक रबरी कडं असतं. त्याचा ओठ दांड्याला चिकटून बसलेला असतो. थंडीत रबर लोखंडापेक्षा कितीतरी जास्त आकसतं. शिवाय त्याची लवचीकता कमी होते, म्हणजे दाबलेलं रबर चटकन मूळ आकारावर येत नाही. ओठ आणि दांडा यांच्यात बारीकशी फट राहते. त्याच वेळी आतलं तेल दाट झालेलं असतं. पंप ते रेटतो तेव्हा दाब नेहमीपेक्षा जास्त चढतो. फट आणि दाब एकत्र आले की तेल वाट काढतंच. कॅनडा-रशियासारख्या देशांत तर आणखी एक संकट असतं. इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारी जी नळी असते, तिच्यात वाफेचा बर्फ होतो आणि नळी बुजते. मग कोंडलेला दाब सीललाच बाहेर ढकलतो. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, एवढं नशीब!

या गळतीला मोठा इतिहास आहे. आपल्या बैलगाडीला सील नव्हतंच. आख आणि चाकाचा तुंबा यांच्यात वंगण घालायचं, ते घासत-ओघळत संपायचं, पुन्हा घालायचं. गाडीला वंगणाचा बांबूचा नळा टांगलेला असायचा तो यासाठीच. गळती हा दोष नव्हता, ती गृहीतच धरलेली होती. पहिल्या महायुद्धातल्या कित्येक विमानांचीही तीच तऱ्हा. त्यांच्या गरगर फिरणाऱ्या इंजिनांत एरंडेल तेल घालत. ते सहजी गोठत नाही आणि पेट्रोलमध्ये मिसळत नाही. वापरून झालं की ते बाहेर फेकलं जाई आणि वैमानिकाच्या तोंडावर त्याचा फवारा उडे. ज्या एरंडेलाच्या नावानं आपण लहानपणी नाक मुरडत होतो, त्याच्याच इंग्रजी नावावरून 'कॅस्ट्रॉल' हे नाव 1909 मध्ये निघालं.

पुढे इंजिनं बंदिस्त झाली. तेच तेल आतल्या आत फिरू लागलं आणि ते बाहेर येणं हा दोष ठरला. आधी कातडी पॅकिंग होती, मग रबर आलं. पण झाडाच्या चिकाचं रबर खनिज तेलात फुगतं आणि सडतं. 1930 च्या दशकात जर्मनीत नायट्राइल रबर तयार झालं, ते तेलाला दाद देत नाही. 1939 मध्ये अमेरिकेत स्थायिक झालेल्या नील्स क्रिस्टेन्सन या डॅनिश माणसाला 'ओ-रिंग'चं पेटंट मिळालं. बांगडीसारखं साधं गोल कडं, पण आज यंत्र म्हटलं की ते आलंच. मात्र एक मेख आहे. नायट्राइल रबर तेलाला जितकं टणक करावं, तितकं ते थंडीला लवकर हार जातं. एक गुण वाढवला की दुसरा कमी होतो. म्हणून कोणतं सील कोणत्या हवेत चालेल, हे आधी पारखूनच घ्यावं लागतं.

ही पारख न करण्याची किंमत युद्धात फार मोजावी लागते. 1941 च्या डिसेंबरात मॉस्कोच्या दारात पारा उणे 30 अंशांच्या खाली गेला. जर्मन सैन्य उन्हाळी तयारीनं आलेलं. तेल डांबरासारखं झालं. रणगाड्यांच्या पोटाखाली शेकोट्या पेटवून इंजिनं तापवावी लागली. रशियनांना ही थंडी घरचीच. ते तेलात पेट्रोल मिसळून ते पातळ करत, आणि त्यांच्या टी-34 रणगाड्याला दाबलेल्या हवेनं इंजिन सुरू करायची सोय होती.

आपल्या सैन्यालाही थंडीतल्या यंत्रांचा धडा लवकरच गिरवावा लागला. 1 नोव्हेंबर 1948 रोजी जोजिला खिंडीत, साडेअकरा हजार फुटांवर, सातव्या कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे चढवले गेले. जनरल थिमय्यांची ही योजना. रणगाड्यांचे बुरूज काढून ते गुपचूप जम्मूहून पुढे नेले, सॅपर्सनी वाट रुंद केली. खराब हवेमुळे हल्ला लांबला होता, पण रणगाडे वर पोहोचले आणि नोव्हेंबर संपायच्या आत द्रास व कारगिल पुन्हा हाती आलं. रणगाड्यांचं शिक्षण देणारं लष्कराचं केंद्र आपल्या नगरला (आता अहिल्यानगर) आहे. पण नगरच्या उन्हात शिकलेल्या जवानाला पुढे लडाखच्या बर्फात गाडी सुरू करावी लागते. तिथे नुसतं वंगणच नाही, डिझेलसुद्धा गोठतं, त्यात मेणासारखे कण धरतात. त्यासाठी इंडियन ऑईलनं नोव्हेंबर 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास हिवाळी डिझेल लडाखसाठी आणलं. आपण वापरतो त्या तेलाच्या डब्यावरही '20डब्ल्यू-40' असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ते तेल थंडीत जास्त वाहतं राहतं. डबा घेताना ते जरूर वाचावं.

आता थोडं वेगळं सांगतो, पण गोष्ट त्याच रबरी कड्याची आहे. तेलाऐवजी जळता वायू, आणि गाडीऐवजी अवकाशयान, एवढाच फरक.

28 जानेवारी 1986. अमेरिकेचं 'चॅलेंजर' यान उडालं आणि 73 सेकंदांत आकाशात त्याचे तुकडे झाले. सातही जण गेले. त्यांत ख्रिस्टा मॅकऑलिफ ही न्यू हॅम्पशायरमधल्या कॉन्कॉर्डची शाळामास्तरीण होती. अकरा हजारांहून अधिक शिक्षकांमधून तिची निवड झाली होती. ती अवकाशातून धडे देणार म्हणून अमेरिकेतल्या कितीतरी शाळांत मुलं टीव्हीसमोर बसली होती. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. मी मास्तर आहे, मला त्या वर्गांची आठवण पुसता येत नाही.

कारण काय निघालं? यानाच्या बाजूच्या रॉकेटांचे तुकडे जोडणाऱ्या सांध्यांत ओ-रिंग होत्या. सुमारे बारा फूट व्यासाच्या, पण जाडी जेमतेम पाव इंच. थंडीनं त्या आखडल्या, फट वेळेत बुजली नाही आणि आग बाहेर आली. रात्री तिथे पाणी गोठलं होतं, उड्डाणाच्या वेळी तापमान दोन-तीन अंशांवर होतं.

आणि हे आधी कोणाला कळलं नव्हतं असं मुळीच नाही! 1985 च्या जानेवारीत असंच थंडीत यान उडालं, तेव्हा त्या कड्यांच्या मधे काजळी सापडली होती. रॉकेट बनवणाऱ्या कंपनीतले रॉजर बॉइसजॉली आणि त्यांचे सहकारी उड्डाणाच्या आदल्या रात्री फोनवर सांगत होते की 53 फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे 12 सेल्सिअसच्या खाली उडवू नका. 12 अंश! मेळघाटात हिवाळ्याच्या कितीतरी रात्री पारा याहून खाली जातो. पण वरच्या साहेबांनी अभियंत्यांच्या प्रमुखाला अभियंत्याची टोपी काढून व्यवस्थापकाची घालायला सांगितलं, आणि होकार गेला.

पुढे चौकशीत रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञानं सगळ्यांसमोर त्या रबराचा तुकडा चिमट्यात दाबून बर्फाच्या पाण्यात बुडवला. बाहेर काढून चिमटा सोडला, तर तुकडा लगेच फुगून मूळ आकारावर येईना. प्रयोग शाळेत करता येईल इतका सोपा.

मला यात सगळ्यात बोचतं ते हे. थंडी कोणताच दोष नव्यानं निर्माण करत नाही, सांध्यात जो कच्चेपणा असतो तो ती उघडा पाडते. यंत्राचं तसं आणि माणसांच्या कारभाराचंही तसंच. ज्याचे हात तेलात बरबटलेले असतात, त्याला कच्चा सांधा आधी कळतो. त्याचं म्हणणं वरपर्यंत जाता-जाता मधेच कुठेतरी आखडतं. तो मिस्त्री असो की इंजिनियर, 'आज नको' म्हणणाऱ्याला आपण भित्रा ठरवतो.

दुरुस्ती काय केली, तर सांधे नव्यानं घडवले, तिसरी ओ-रिंग घातली आणि सांधे गरम ठेवायला हीटर बसवले. 29 सप्टेंबर 1988 ला याने पुन्हा उडू लागली. मॅकऑलिफ यांच्या जागी राखीव म्हणून निवडलेल्या बार्बरा मॉर्गन या शिक्षिका शेवटी 2007 च्या ऑगस्टमध्ये अवकाशात जाऊन आल्या. एकवीस वर्षं त्यांनी वाट पाहिली.

असो. गाडीखाली थेंब दिसले तर लगेच इंजिन उघडायला धावू नका, पण दुर्लक्षही करू नका. तेलाची पट्टी ओढून पातळी पाहा. गाडी सुरू केल्या-केल्या जोरात रेस देऊ नका. आणि इंजिन तापल्यावरही गळती थांबली नाही, तर सील बदलून घ्या. शंभर-दोनशे रुपयांचं ते कडं असतं. पुढचा खर्च मात्र फार मोठा असतो.