अध्यापनाची भाषा: एक जुना धडा

दूरस्थ अध्यापनासाठी ध्वनिचित्रमुद्रित केलेल्या व्याख्यानांची भाषा कोणती असावी, हा प्रश्न आज सोयीचा म्हणून मांडला जातो. मराठवाड्यात तो शंभर वर्षांपूर्वी तत्त्वाचा प्रश्न म्हणून उपस्थित झाला होता.

हैदराबाद संस्थानात १९१७ साली उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान निघाले. परकीय भाषेतून शिकताना विद्यार्थ्याची शक्ती आकलनाऐवजी पाठांतरात खर्ची पडते, हा त्यामागील प्रमुख युक्तिवाद होता. म्हणून माध्यमाचे स्थान उर्दूस मिळाले. इंग्रजी हा सक्तीचा विषय राहिला. 'दारुल तर्जुमा' या भाषांतरसंस्थेने शास्त्रीय ग्रंथ उर्दूत आणले. भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देता येते, हे या प्रयोगाने दाखवून दिले, यात शंका नाही.

परंतु कंधारसारख्या तालुक्यातील मराठी विद्यार्थ्याच्या बाजूने पाहता हाच युक्तिवाद उर्दूवर उलटतो. संस्थानात मराठी भाषिक सुमारे एकचतुर्थांश होते; उर्दू भाषिकांची संख्या त्याहून पुष्कळच कमी होती. प्राथमिक वर्गांत मातृभाषेस वाव असला, तरी सरकारी माध्यमिक शाळांत उर्दूच होती. हिप्परगा व अंबाजोगाई येथील खाजगी शाळांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. तेथे अध्यापन केलेल्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव १९९४ साली स्थापन झालेल्या नांदेडच्या विद्यापीठास लाभले आहे.

तथापि वर्गातील शिक्षकाला एक मुभा असते. विद्यार्थ्याचा चेहरा पाहून तो अडलेली कल्पना त्याच्या बोलीत सांगू शकतो. मुद्रित व्याख्यानात ही मुभा नाहीशी होते. ते थांबवता येते, मागे नेता येते. पण न समजलेले वाक्य पुन्हा त्याच शब्दांत कानी पडते. पडद्यावरील भाषांतरित ओळी साहाय्य करतात खऱ्या. परंतु आकृती पाहावी की ओळ वाचावी, असा पेच त्या निर्माण करतात.

यावरून केवळ मराठी माध्यमाचा पुरस्कार करणे पुरेसे नाही. उस्मानियाच्या पुष्कळशा परिभाषा अरबी-फारसीवर आधारलेल्या होत्या. आपल्या परिभाषा संस्कृतावर आधारलेल्या आहेत. अपरिचित संज्ञेचे ओझे दोन्हीकडे सारखेच. म्हणून संज्ञा प्रमाण ठेवावी, इंग्रजी पर्यायही द्यावा. विवरण मात्र कंधारच्या विद्यार्थ्याला परिचित असलेल्या मराठीत करावे. समोर नसलेल्या श्रोत्याची अडचण आधीच ओळखणे, हेच अशा व्याख्यात्याचे प्रथम कर्तव्य होय.