पाल्याची रात्र: उज्जैनच्या हरभऱ्याचे शेवटचे बहात्तर तास

मराठीत पाला म्हणजे झाडाची पानं. माळव्यात पाला म्हणजे ती पानं करपवून टाकणारं गोठलेलं दव. उज्जैनमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी घरांत शब्दाचे हे दोन्ही अर्थ सुखानं नांदतात. शेतात मात्र एक अर्थ दुसऱ्याला मारतो. जानेवारी २०११मध्ये मध्य प्रदेशात त्यानं असं काही मारलं, की हरभरा, तूर, मसूर आणि वाटाणा उभ्या उभ्या गेले. पुढचा घटनाक्रम कुणा एका शेताचा नाही. पाल्याची रात्र दरवेळी याच पावलांनी येते, म्हणून तो मांडतो आहे.

७२ तास आधी

भूमध्य समुद्राकडून निघालेला पश्चिमी विक्षोभ काश्मीर आणि हिमाचलवर पोचला आहे. तिथे बर्फ पडतो आहे. टीव्हीवर मनालीचे पांढरे रस्ते आणि पर्यटकांचे हसरे चेहरे दिसतात. उज्जैनवर थोडे ढग आहेत आणि रात्र चक्क उबदार आहे. माळव्यात बर्फ पडत नाही, त्यामुळे ही बातमी आपली आहे असं कुणालाच वाटत नाही. खरं तर आपल्यासाठी पहिली सूचना हीच असते.

४८ तास आधी

विक्षोभ पूर्वेकडे सरकला. त्याच्या पाठीमागे उत्तरेचं कोरडं, थंड वारं मोकळं सुटलं. राजस्थान ओलांडून ते माळव्याच्या पठारावर चढतं. उज्जैन समुद्रसपाटीपासून सुमारे ४९० मीटर उंचीवर आहे आणि या वाऱ्याला अडवेल असा उंच डोंगर वाटेत नाही. ढग विरतात. दिवसासुद्धा अंगात काटा येतो.

२४ तास आधी, सकाळी ७

हवामान खात्याचा इशारा येतो: थंडीची लाट. मैदानी भागात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली असेल आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश किंवा त्याहून अधिक उतरलं असेल, तर लाट म्हणतात. किमान ४ अंशांवर आलं, तर सरासरी न पाहताच लाट जाहीर होते. समजा, उद्याचा अंदाज ४ अंशांचा आहे. शेतकरी हायसं वाटून म्हणतो, ‘अजून चार अंश हातात आहेत.’

ते हातात नसतात. हा आकडा जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवरच्या पांढऱ्या लाकडी पेटीतला आहे. हरभरा गुडघ्याएवढाही नसतो. शांत, निरभ्र रात्री जमिनीलगतचं तापमान पेटीतल्या तापमानाहून तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही खाली असतं. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दव गोठतं, तेव्हा गावातला पारा शून्याच्या बराच वर असतो, कारण हेच. पेटीतले ४ म्हणजे फुलावरचं शून्य.

१५ तास आधी, दुपारी ४

दोन दिवस झोंबणारं वारं अचानक पडतं. माणसाला बरं वाटतं, पण जाणता शेतकरी नेमका आता धास्तावतो. वाहतं वारं वरची उबदार हवा खाली मिसळत राहतं. ते थांबलं की थंड हवा जमिनीवर बसते. दिवसभर गार वारं, दुपारनंतर शांतता आणि निळंभोर आकाश, ही पाल्याची खूण.

वाचवण्याची सर्वांत चांगली वेळ हीच असते. हलकं पाणी दिलं तर ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. तापमान अर्ध्या ते दोन अंशांनी वर राहतं. शून्याच्या काठावर तेवढ्यानं पीक तरतं. ज्यांच्याकडे फवारणीची सोय आहे, त्यांना कृषिशास्त्रज्ञ हजार लिटर पाण्यात एक लिटर गंधकाम्लाचं द्रावण सुचवतात. मात्र ते जाणत्याच्या देखरेखीखाली आणि ॲसिड पाण्यात ओतूनच करायचं. पाणी ॲसिडमध्ये कधीही ओतायचं नाही.

१३ तास आधी, संध्याकाळी ६

सूर्य नुकताच मावळला. जमीन आता ऊब मिळवत नाही, फक्त गमावते. ढग असते तर त्यांनी त्यातली बरीच परत पाठवली असती. आज वर पांघरूणच नाही. बडनगर, तराना, महिदपूरकडच्या रानांत खोलगट जागा आधी गार पडतात, कारण थंड हवा पाण्यासारखी उताराकडे वाहते.

९ तास आधी, रात्री १०

शहरात शेकोट्या पेटल्या आहेत. रानात हरभरा फुलात आहे, काही ठिकाणी घाटे धरले आहेत. वाटाण्याच्या शेंगा भरत आल्या आहेत. पिकाचं वय सर्वांत नाजूक असतानाच ही रात्र येते.

५ तास आधी, रात्री २

शेतीच्या वाहिनीची वीज पाळीनं येते आणि पाळी रात्रीची असेल तर माणूस आत्ता बांधावर उभा असतो. पाय पाण्यात, डोक्याला मफलर. बांधावर काडीकचरा पेटवून धूर केला जातो. त्यानं थोडा आधार मिळतो, तोही हवा अगदी स्थिर असेल आणि आजूबाजूच्या शेतांनी एकत्र केला तर. एकट्याच्या धुरानं गाव वाचत नाही.

३ तास आधी, पहाटे ४

महाकालेश्वराच्या मंदिरात भस्मारती सुरू होते. कुडकुडत रांगेत थांबलेले भाविक आत पोचले आहेत. काही मैलांवर पानावरचं दव शून्याला टेकलं आहे.

१ तास आधी, सकाळी ६

पानावर पांढरे स्फटिक दिसू लागतात. खरा घात आत होतो. बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी सुकते, तिचं आवरण फाटतं. थंडीनं पीक मेलं असं आपण म्हणतो. ते मेलेलं असतं तहानेनं, ओल्या पानाच्या आत.

शून्य, सकाळी ७

सूर्य उगवतो. शेत चांदीसारखं चमकतं. उन्हानं बर्फ वितळतो आणि फाटलेल्या पेशींतलं पाणी ओघळतं. पानं उकडल्यासारखी गडद, लुळी दिसतात. दुपारपर्यंत ती काळी पडू लागतात. पुढच्या काही दिवसांत फुलं गळतात, घाटे पोचट राहतात. ‘पाला मारून गेला,’ एवढंच वाक्य गावभर फिरतं.

त्यानंतर

२०११मध्ये नुकसानभरपाईसाठी राज्य आणि केंद्र यांच्यात ओढाताण झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी भोपाळमध्ये उपोषण जाहीर केलं आणि १३ फेब्रुवारीला ते मागे घेतलं. पुढच्या वर्षी थंडीची लाट आणि पाला यांना केंद्राच्या आपत्ती-मदतीच्या यादीत जागा मिळाली. २०१५मध्ये मदतीसाठी नुकसानीची अट ५० टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आली. हे आवश्यकच होतं. पण ही सगळी मदत सकाळी ७ नंतरची आहे.

मला ओढ आहे ती आदल्या दुपारच्या चारची. इशाऱ्यात पेटीतल्या आकड्याशेजारी पिकाच्या उंचीवरचा आकडाही सांगितला जावा. लाटेच्या दोन दिवसांपुरती शेतीची वीज दुपारी मिळावी, म्हणजे पाणी वेळेवर जाईल आणि कुणाला रात्री दोनला चिखलात उभं राहावं लागणार नाही. पाला थांबवता येत नाही, पण तो पूर्वसूचना न देता येतही नाही. मनालीत बर्फ पडला, की माळव्याच्या हातात तीन दिवस असतात.