मदर तेरेसांचा आध्यात्मिक अंधार

मिशनरीज ऑफ चॅरिटीच्या संस्थापिका मदर तेरेसा (१९१०–९७) यांना प्रार्थनेत सुमारे पाच दशके जाणवलेली ईश्वराची अनुपस्थिती. १९४६ मध्ये दार्जिलिंगला जाणाऱ्या आगगाडीत त्यांना गरिबांच्या सेवेची हाक आली. कोलकात्याच्या वस्त्यांत काम सुरू झाल्यावर लवकरच आतला संवाद थांबला. १९५८ च्या अखेरचे काही आठवडे सोडले, तर तो पुन्हा जुळला नाही. रोजची मिसा आणि आराधना मात्र चुकली नाही.

१९६१ मध्ये पुण्याच्या डी नोबिली कॉलेजातील ऑस्ट्रियन जेझुइट योसेफ नॉयनर यांच्यापाशी त्यांनी मन मोकळे केले. नॉयनर यांनी दिलासा देण्याच्या भरात खोटी आशा दाखवली नाही: यावर मानवी उपाय नाही, त्यात तुमचा दोषही नाही, देवाची ही तहान हीच तो असल्याची खूण. हा सल्ला त्यांना मानवला. अंधार गेला नाही, पण तो येशूच्या दुःखातला आपला वाटा म्हणून त्यांनी स्वीकारला.

या अंधाराविषयी तेरेसांनी लिहिलेली, पण नष्ट करावीत असा त्यांचा आग्रह असलेली पत्रे २००७ मध्ये ग्रंथरूपाने आली. काही टीकाकारांना त्यांत अविश्वास दिसला. पण त्यांतला काही अतिशय कठोर मजकूर थेट येशूलाच उद्देशून आहे, हे त्यांच्या नजरेतून सुटते.